निर्लेखित वर्कस्टेशने, मुक्त कार्यप्रणाली आणि 'दऱ्या' शब्दाचे लेखन

अकोले तालुक्यातील भंडारदरा ह्या ग्रामनामाला विभक्तिप्रत्यय लावावयाचा झाला की त्याचे सामान्यरूप 'भंडारदऱ्या-' असे होते. घोडा–घोड्याला, तसे भंडारदरा–भंडारदऱ्याला. रूपसिद्धीच्या दृष्टीने ह्यात विशेष असे काही नाही. लेखनाच्या दृष्टीने मात्र आहे. येथील रकार रफार होऊन य-च्या डोक्यावर चढत नाही. तो एका आडव्या वळणदार चिन्हाने य-ला डावीकडून जोडला जातो. हा भेद केवळ वळणाचा आहे असे समजण्याचे कारण नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. पहिल्या शब्दातील आद्य अक्षर पुढील जोडाक्षरामुळे गुरू होते, दुसऱ्यातील लघूच राहते. लेखनात हा भेद पाळण्याची गरज हिंदीला पडत नाही, मराठीला पडते.

आता हाच शब्द संगणकात कसा साठविला जातो ते पाहावे. युनिकोड ह्या सर्वमान्य लिपिसंकेतात 'दऱ्या'ची निदान दोन लेखने संभवतात. एकात द, त्यानंतर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, हलन्तचिन्ह, य आणि काना अशी पाच चिन्हे येतात. (हा 'ऱ' मुळात द्राविडी भाषांतील वर्त्स्य रकाराच्या लिप्यंतरासाठी योजलेला, मराठीची गरज त्याच्यावर मागाहून येऊन बसली.) दुसऱ्या लेखनात साधा र, हलन्त, त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य व काना येतात. पहिले लेखन पंधरा बाइटांचे, दुसरे अठरा बाइटांचे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. शोध घेणाऱ्या यंत्राच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द होत. भंडारदऱ्याच्या परिसरात, शेंडी, रतनवाडी, घाटघर अशा गावी बोलीचे नमुने गोळा करणाऱ्या दोघा विद्यार्थ्यांनी दोन वेगळ्या कळफलकांवर आपापल्या नोंदी उतरविल्या, तर 'दऱ्या'चा शोध घेणाऱ्या तिसऱ्याच्या हाती कदाचित निम्म्याच नोंदी लागतील, आणि उरलेल्या निम्म्या राहून गेल्या हे त्याला कळणारही नाही.

असल्या कामाला फार बलाढ्य यंत्र लागत नाही. लागते ते असे यंत्र, की ज्याच्या आतील प्रत्येक पायरी उघडून पाहता येईल व आपल्या भाषेच्या गरजेनुसार बदलता येईल. अशी यंत्रे विद्यापीठांच्या भांडारात आजही आढळतात. जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीत त्यांच्यापुढे 'निर्लेखनयोग्य' असा शेरा पडलेला असतो, आणि लिलावाची तारीख लागेपर्यंत ती धूळ खात उभी असतात.

ह्यांपैकी ज्यांना वर्कस्टेशन म्हणतात ती यंत्रे घरगुती संगणकाहून वेगळ्या कुळीची. एका अभ्यासकाच्या मेजावर राहावे, परंतु मोठ्या संगणकाची शिस्त पाळावी, ह्या हेतूने ती घडविली गेली. त्यांतील सर्वांत परिचित घराणे सन मायक्रोसिस्टिम्सचे. ही कंपनी १९८२ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला ह्यांचा जन्म १९५५ सालचा, पुण्यातला. १९८७ पासून ह्या कंपनीच्या यंत्रांत 'स्पार्क' नावाचा प्रक्रियक येऊ लागला. १९८९ ची स्पार्कस्टेशन १, १९९४ च्या सुमाराची स्पार्कस्टेशन ५ व २० आणि १९९५ ची अल्ट्रा १ ही त्याच वंशातील. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९८ मध्ये सिद्ध केलेला 'परम १००००' हा महासंगणकही सनच्याच अल्ट्रास्पार्क प्रक्रियकांचा समूह होता. पुढे २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली. डिजिटल कंपनीचा 'अल्फा', सिलिकॉन ग्राफिक्सची यंत्रे, ह्यूलेट-पॅकार्डचा 'पीए-रिस्क' ह्यांचीही विक्री २०१० पूर्वीच थांबली. यंत्रे बंद पडली नाहीत. त्यांच्यासाठी सुधारलेली कार्यप्रणाली देणारा कोणी उरला नाही. जुनी प्रणाली जाळ्यावर ठेवणे धोक्याचे, आणि नवी बाजारात नाही, ह्या कोंडीत सुस्थितीतील यंत्र निकामी ठरते.

भंडारदऱ्याचेच उदाहरण येथे उपयोगी पडेल. प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ मध्ये पुरे झाले. १९६९ मध्ये त्याच्या दगडी बांधकामाला तडे गेल्याचे दिसून आले, आणि पुढे खालच्या अंगाने पुस्ते उभारून ते बळकट करण्यात आले. बांधणाऱ्यांची पिढी संपली म्हणून धरण सोडून द्यावे लागले नाही. कारण बांधकाम कसे आहे हे नंतरच्या अभियंत्यांना तपासता येत होते व त्यावर हात चालविण्याचा अधिकार त्यांना होता. संगणकाच्या कार्यप्रणालीबाबत ह्या दोन्ही गोष्टी सहसा नसतात. विकत मिळते ती यंत्रभाषेतील सिद्ध प्रत. ज्या मजकुरावरून ती सिद्ध झाली तो मूळ मजकूर निर्मात्याच्या कपाटात राहतो. मुक्त कार्यप्रणालीत हा मूळ मजकूर सर्वांना दिलेला असतो, आणि तो वाचण्याचा, बदलण्याचा व पुन्हा वाटण्याचा परवानाही त्यासोबत दिलेला असतो. येथे 'मुक्त' ह्या विशेषणाचा अर्थ एवढाच घ्यावयाचा. 'फुकट' हा त्याचा आनुषंगिक अर्थ होय.

अशा प्रणाली बहुतांशी युनिक्सच्या वळणावर गेलेल्या आहेत, ह्याचे कारण युनिक्सच्या रचनेतच सापडते. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी १९६९ मध्ये आरंभिलेली ही प्रणाली १९७३ मध्ये 'सी' ह्या भाषेत नव्याने लिहिली गेली. तोपर्यंत कार्यप्रणाली म्हणजे त्या त्या यंत्राच्याच बोलीत लिहिलेली वस्तू असे. सी-मध्ये लिहिल्यामुळे प्रणालीचा बहुतेक भाग कोणत्याही एका यंत्राशी बांधलेला राहिला नाही. यंत्राशी निगडित असा अल्प भाग वेगळा काढता आला. व्याकरण एक आणि उच्चारणाचे नियम प्रांतोप्रांती वेगळे, अशीच ही व्यवस्था म्हणावयास हरकत नाही. बर्कली विद्यापीठात ह्या प्रणालीचा विस्तार झाला. तेथील मजकुराच्या आधारे १९९३ मध्ये नेटबीएसडी व फ्रीबीएसडी ह्या मुक्त प्रणाली निघाल्या आणि नेटबीएसडीतून पुढे ओपनबीएसडी वेगळी झाली. दुसऱ्या बाजूने, रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ मध्ये घोषित केलेला 'ग्नू' प्रकल्प आणि लायनस टोरव्हाल्ड्स ह्यांचा १९९१ चा लिनक्स गाभा ह्यांच्या संयोगाने आज सर्वांना ठाऊक असलेली प्रणाली आकाराला आली. निर्लेखित वर्कस्टेशनांच्या दृष्टीने ह्या सर्वांत नेटबीएसडी महत्त्वाची, कारण निरनिराळ्या यंत्रजातींवर एकच मजकूर चालावा हेच तिचे प्रधान ध्येय आहे. २०२४ मध्ये निघालेली तिची दहावी आवृत्तीही तीस वर्षांमागील स्पार्कस्टेशनवर चढविता येते.

प्रत्यक्षात ती चढविताना पहिला अडथळा प्रणालीचा नसतो, एका लहानशा घटकाचा असतो. सनच्या यंत्रांत घड्याळ व ओळखक्रमांक सांभाळणारी एक चकती असते. तिच्या पोटातच लिथियमचा विद्युत्घट बसविलेला असतो. दहाएक वर्षांनी तो संपतो. मग यंत्र आपला जाळ्यावरील पत्ताच विसरते आणि सुरू होताना ओळख हरवल्याची तक्रार करते. पुष्कळ यंत्रे ह्याच टप्प्यावर 'नादुरुस्त' म्हणून बाजूला ठेवली जातात. वास्तविक चकती बदलून, अथवा आरंभीच्या आज्ञापटलावरून तो क्रमांक पुन्हा लिहून, हा दोष दूर होतो. दुसरा अडथळा पडद्याचा. जुन्या सन यंत्रांची पडद्याची जोडणी आजच्या पडद्यांशी जुळत नाही. परंतु कळफलक न जोडता यंत्र सुरू केले की ते आपला सर्व व्यवहार तारेच्या साध्या क्रमिक जोडणीवर वळविते, आणि दुसऱ्या कोणत्याही संगणकावरून, सेकंदाला ९६०० बिटांच्या गतीने, त्याच्याशी बोलता येते. तबकडी नसली तरी चालते. शेजारच्या संगणकावरून जाळ्यामार्गे प्रणाली उचलून घेण्याची सोय ह्या यंत्रांत पहिल्यापासून आहे. प्रणाली नव्याने घडविण्याचे कामही जुन्या यंत्रावर करण्याचे कारण नाही. नेटबीएसडीचा मजकूर नव्या संगणकावर, परंतु जुन्या यंत्रासाठी, काही मिनिटांत सिद्ध करता येतो; जुन्या यंत्राला त्याच कामाला दिवस लागतील.

एका भेदाकडे भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. अनेक बाइटांत मावणारी संख्या स्मृतीत ठेवताना स्पार्क यंत्र थोरला भाग प्रथम ठेवते. आजचे नेहमीचे संगणक धाकटा भाग प्रथम ठेवतात. मराठी भाषकाला ह्यात नवल वाटावयास नको. २१ ही संख्या आपण लिहितो दशकापासून, परंतु उच्चारतो एककापासून: एक आणि वीस. १२५ म्हणताना तर प्रथम शतक, मग एकक, मग दशक असा मिश्र क्रम येतो: एकशे पंचवीस. गंमत अशी, की युनिक्स ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढली त्यावर मोठ्या संख्यांचा क्रम नेमका असाच मिश्र होता. प्रणाली प्रथम अन्य जातीच्या यंत्रावर नेली तेव्हा तिचे यू-एन-आय-एक्स हे रोमन नाव जोडीजोडीने उलटून एन-यू-एक्स-आय असे उमटले, ही आख्यायिका संगणकशास्त्राचे विद्यार्थी अद्याप सांगतात. लिपिसंकेताची चिन्हे दोन-दोन बाइटांच्या संख्या म्हणून साठविली, तर एका यंत्रावरील मराठी मजकूर दुसऱ्यावर असाच उलटतो.

ही अडचण यूटीएफ-८ ह्या लेखनपद्धतीत उद्भवत नाही. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक ह्यांनी ती सिद्ध केली. युनिक्सचा आरंभकर्ता आणि ही पद्धती सुचविणारा एकच, हा योगायोग नव्हे. युनिक्सची शोधणारी, छाटणारी व लावणारी उपकरणे मजकुराकडे बाइटांची ओळ म्हणून पाहतात. ती न मोडता जगातील सर्व लिप्या तीत बसवाव्यात, हा त्या पद्धतीमागील हेतू. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे होते, आणि त्या तिहींपैकी एकही बाइट रोमन अक्षराचा, रिकाम्या जागेचा वा ओळ-संपाचा असू शकत नाही. म्हणून मराठी ठाऊक नसलेले तीस वर्षांपूर्वीचे उपकरणही मराठी मजकुराच्या ओळी व शब्द अचूक वेगळे करू शकते.

ह्याचा उपयोग शब्दसंग्रहाच्या कामात होतो. महाराष्ट्रात अशा कामाला परंपरा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री ह्यांनी १९७८ सालच्या लेखनातून भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संगणकीय संग्रह केला. १९९० नंतर केंद्र शासनाच्या योजनेतून भारतीय भाषांचे संग्रह सुरू झाले, तेव्हा मराठीचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे आले. सुमारे तीस लाख शब्दांचे उद्दिष्ट होते. तीस लाख शब्द, दर शब्दास सरासरी सहा चिन्हे धरली, तर यूटीएफ-८ मध्ये सुमारे ५७ मेगाबाइट होतात; त्या काळच्या 'इस्की' संकेतात, जेथे दर चिन्हास एकच बाइट लागे, सुमारे २१. स्पार्कस्टेशन ५ ची स्मृती २५६ मेगाबाइटांपर्यंत वाढविता येते. म्हणजे संपूर्ण संग्रह तिच्या स्मृतीत सहज मावतो. आणि न मावला तरी 'सॉर्ट' हे उपकरण मजकुराचे तुकडे तबकडीवर लावून मग ते एकत्र विणते, त्यामुळे काम अडत नाही. रिकाम्या जागी ओळ तोडणे, शब्द क्रमाने लावणे, सारखे शब्द मोजणे व मोजणीनुसार पुन्हा लावणे, एवढ्या चार आज्ञा एकीपुढे एक जोडल्या की शब्दांची वारंवारता हाती येते. एकीचे फलित दुसरीच्या मुखी देणारी ही नळीची योजना डग मॅकिलरॉय ह्यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये युनिक्सला मिळाली.

परंतु शब्द 'क्रमाने' लावणे म्हणजे कोणत्या क्रमाने? येथे यंत्र व वर्णमाला ह्यांचे बिनसते. युनिकोडात ळ हा ल-च्या पाठोपाठ येतो. मराठी वर्णमालेत तो ह-च्या नंतर. क्ष व ज्ञ ही युनिकोडाच्या लेखी क आणि ज ह्यांची जोडाक्षरे. शाळेत मात्र मुलांना ती वर्णमालेच्या अखेरीस शिकविली जातात, आणि त्यांचे स्थान कोठे असावे ह्याविषयी कोशकारांचे एकमत नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडात २००८ मध्ये दाखल झाले. त्याला जागा मिळाली ती साऱ्या मात्रांच्याही पलीकडे. नव्या लिनक्समध्ये मराठीसाठी स्थानिक नियमावली असते. ओपनबीएसडीसारख्या प्रणालीत वर्णानुक्रमाच्या नियमावलीला मुळी थाराच नाही.

उपाय असा, की प्रत्येक शब्दापुढे त्याची एक 'क्रमकळी' लिहावी, तिच्यावर सॉर्ट चालवावा आणि शेवटी ती पुसून टाकावी. ही कळी करताना ळ-च्या जागी सरळ एखादे शेवटचे चिन्ह घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. कारण ते चिन्ह मात्रांच्याही पुढे जाते, आणि मग 'कळ' हा शब्द 'का', 'की', 'कौ' ह्या साऱ्यांच्या मागे पडतो. हवी असते ती ह आणि काना ह्यांच्या मधली जागा. युनिकोडात तेथे चार स्थाने आहेत: पहिली दोन काश्मिरीच्या स्वरचिन्हांना दिलेली, तिसरे नुक्ता, चौथे अवग्रह. मराठी मजकुरात पहिली दोन येतच नाहीत, अवग्रह क्वचितच येतो. तेव्हा कळीपुरते ळ-साठी पहिले, क्ष-साठी दुसरे व ज्ञ-साठी चौथे स्थान उसने घ्यावे. 'ॲ' हवे त्या स्वराशेजारी आणावे. तसेच 'ऱ'-च्या जागी साधा र लिहावा व अदृश्य जोडचिन्ह गाळावे, म्हणजे 'दऱ्या'ची दोन्ही लेखने एका ठिकाणी येतात. 'दर्या'ही त्यांच्या शेजारी येतो, परंतु मूळ शब्द पुसलेला नसल्यामुळे तो निराळा काढता येतो. ही सर्व अदलाबदल 'सेड' ह्या उपकरणाच्या दहाबारा ओळींत होते, आणि ज्याला क्ष-चे स्थान क-खालीच असावे असे वाटते त्याने एक ओळ गाळावी. वर्णानुक्रमासंबंधीचे आपले मत इतक्या उघडपणे लिहून ठेवण्याची सोय तयार कोशप्रणालींत क्वचितच मिळते.

जुन्या यंत्राची खरी मर्यादा दर्शनात आहे. ह्या यंत्रांच्या पडद्यावर अक्षरे उमटविणारी मूळ योजना एका चिन्हाला एक चौकोन, अशी असते. वेलांटी व्यंजनाच्या आधी काढावयाची, रफार पुढल्या अक्षरावर चढवावयाचा, जोडाक्षर बांधावयाचे, हे तिच्या आवाक्याबाहेरचे. ज्या योजनेत रफाराचा सामान्य नियम तेवढा ठाऊक असतो आणि जोडचिन्हाचा नसतो, तेथे 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगराच्या ठिकाणी समुद्र येतो. हे काम प्रत्येक कार्यक्रमावर न सोपविता खिडकीप्रणालीच्या मुळाशीच करावे, असा प्रयत्न मुंबईच्या एन.सी.एस.टी. ह्या संस्थेत 'इंडिक्स' नावाने झाला. पुढे ती संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. आज नव्या संगणकांवर हा प्रश्न बव्हंशी सुटला आहे. म्हणून व्यवहार्य मार्ग असा: मजकूर व मोजणी जुन्या यंत्रावर, वाचन नव्या पडद्यावर. मात्र दोहोंमधील गुप्तलेखित जोडणीला जुना प्रक्रियक वेळ लावतो. प्रवेशालाच कित्येक सेकंद मोडतात.

मुक्ततेविषयीही भाबडेपणा नसावा. लिनक्सने ३८६ प्रक्रियकाचा आधार २०१३ मध्ये सोडला, डेबियनने स्पार्क २०१५ मध्ये, ओपनबीएसडीने बत्तीस-बिटी स्पार्क २०१६ मध्ये. मूळ मजकूर खुला असल्याने काम चालू ठेवण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. ते चालू ठेवणारा कोणी असेलच असे नाही. शिवाय खर्चाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर तळहातावर मावणारा आजचा छोटा संगणक ह्या सर्व यंत्रांहून वेगवान असतो आणि विजेचा अल्पांशच घेतो. केवळ काटकसरीसाठी जुने वर्कस्टेशन राखणे हा युक्तिवाद टिकणारा नव्हे. ते क्षेत्रकार्याला भंडारदऱ्यापर्यंत नेणे तर दूरच. ज्यांतील धारित्रे फुगली आहेत ती यंत्रे २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे गेलेली बरी.

मग एखादे तरी यंत्र विभागात का ठेवावे? कारण ते वेगळ्या जातीचे आहे. क्रमकळी करणारी ओळ, संकेतांतर करणारा कार्यक्रम, वारंवारता मोजणारी आज्ञावली ह्या सर्व नेहमीच्या संगणकावर ठीक चालल्यासारख्या दिसतात. त्यांत बाइटांच्या क्रमाविषयी एखादे न लिहिलेले गृहीत दडलेले असले तर ते तेथे उघडे पडत नाही. थोरला भाग प्रथम ठेवणाऱ्या स्पार्कवर तोच संग्रह, तीच आज्ञावली चालवावी आणि दोन्ही फलिते 'डिफ' ह्या उपकरणाने ओळीला ओळ लावून पाहावीत. फरक निघाला, तर दोष संग्रहात की आज्ञावलीत, हे शोधण्यास नेमकी ओळ हाती येते. इस्कीतून यूटीएफ-८ मध्ये आणलेल्या जुन्या मराठी संग्रहांची अशी पडताळणी करावयाची झाल्यास आरंभ 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेल्या शब्दांपासून करणे सोयीचे पडेल: दऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या, कऱ्हाड, वऱ्हाड.